टूल स्टीलपासून स्वतःची लोहारकामाची हत्यारं घडवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलाद कडक करण्याला आपण 'पाणी देणं' म्हणतो. पण एच-१३ किंवा एस-७ सारख्या टूल स्टीलशी, म्हणजे हत्यारांसाठीच्या मिश्र पोलादाशी, गाठ पडली की हाच शब्द घात करतो. या पोलादांना पाणी लागतच नाही. तापवून नुसतं हवेत धरलं तरी ती कडक होतात, आणि सवयीनं पाण्यात घातली तर तडकतात. ज्यांचा हात साध्या लोखंडावर आणि कमानपाट्यावर बसलाय आणि ज्यांना आता चांगल्या पोलादाचे पंच, छिन्न्या, ड्रिफ्ट (पाडलेलं भोक मोठं करायचं निमुळतं हत्यार) स्वतः करायचे आहेत, त्यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. तापमानं सगळी सेल्सिअसमध्ये आहेत.

स्प्रिंगच्या पोलादाचा पंच चालतो की. मग हा खटाटोप कशासाठी?

चालतो, आणि महिन्याला चार भोकं पाडणाऱ्याला तेवढा पुरेही. फरक कुठे पडतो ते बघा. ज्या लोखंडात तुम्ही पंच घालता ते ११०० अंशांच्या आसपास तापलेलं असतं. पंचाचं टोक त्यात चार-पाच घाव गाडलेलं राहतं आणि तेवढ्यात तेही लालीवर येतं. साध्या कार्बन पोलादाचा कडकपणा २०० अंशांनंतर उतरायला लागतो आणि ५०० च्या पुढे फारसा उरत नाही. मग टोक भोकाच्या आतच फुगतं आणि पंच अडकून बसतो. एकदा अडकलेला पंच काढायला लागणारा वेळ मोजला, की टूल स्टीलचा खर्च फारसा वाटत नाही.

एच-१३ मध्ये साधारण ५ टक्के क्रोमियम, सव्वा ते दीड टक्का मॉलिब्डेनम आणि १ टक्क्याच्या आसपास व्हॅनेडियम असतं. कार्बन मात्र जेमतेम ०.४ टक्के. हे धातू कार्बनशी मिळून असे बारीक कण बनवतात की ते ५५० अंशांपर्यंत जागचे फारसे हलत नाहीत. म्हणून टोक लालसर झालं तरी आकार धरून राहतं. ॲल्युमिनियम ओतण्याचे साचे याच पोलादाचे करतात, कारणही हेच.

एच, एस, ओ, डब्ल्यू ही अक्षरं कशाची?

अमेरिकन पद्धतीची नावं आहेत आणि बऱ्यापैकी बोलकी आहेत. डब्ल्यू म्हणजे पाण्यात कडक होणारं, ओ म्हणजे तेलात, ए म्हणजे हवेत. एस धक्का सोसणारं, एच गरम कामासाठी. पुढचा आकडा नुसता अनुक्रम आहे. एस-७ हे एस-१ पेक्षा सातपट चांगलं नसतं. (हसू नका, हा प्रश्न मला खरंच आलाय.)

हवेत कडक होणारं पोलाद काही काल-परवाचं नाही. रॉबर्ट मशेटनं इंग्लंडमध्ये १८६८ साली टंगस्टनयुक्त पोलाद बाजारात आणलं, ते आपोआप कडक व्हायचं.

पहिल्यांदा कोणतं घ्यावं?

गरम लोखंडात घुसणाऱ्या प्रत्येक हत्याराला एच-१३: पंच, स्लिटर (चीर पाडायची छिन्नी), ड्रिफ्ट. थंड लोखंड तोडायची छिन्नी किंवा गरम-थंड दोन्ही कामांचं एकच हत्यार हवं असेल तर एस-७. ते धक्का फार छान सोसतं. ऐरणीच्या चौकोनी भोकात बसणारी हत्यारं, फुलर (गोल तोंडाचं हत्यार), सेट हॅमर (सपाट तोंडाचं) यांना ४१४० हे साधं मिश्र पोलाद पुरतं, कारण ती लोखंडाला क्षणभर टेकतात आणि सुटतात. ओ-१ सुतारी पटाशीला आणि सुरीला उत्तम. लोहाराच्या गरम पंचाला मी ते वापरणार नाही.

आणि एकदम तीन जातींची पोलादं आणू नका. एकाचा स्वभाव अंगवळणी पडू द्या. शिवाय शेडमध्ये तीन जातींचे सारखे दिसणारे काळे गज पडले की महिनाभरात कुठला कोणता ते तुम्हालाही सांगता येत नाही. गजाच्या एका टोकाला रंग लावा आणि कापताना नेहमी दुसऱ्या टोकाकडून कापा. रंग असलेलं टोक सगळ्यात शेवटी संपलं पाहिजे.

भंगारातलं पोलाद चालेल का?

चालतं, पण ते काय आहे हे आधी त्यालाच विचारावं लागतं. बोटभर तुकडा कापा, नारिंगी होईस्तोवर तापवा, विटेवर ठेवा आणि हात न लावता पूर्ण गार होऊ द्या. मग कानस फिरवा. कानस काचेवरून सरकावी तशी घसरली तर हवेवर कडक होणारं पोलाद आहे. कानस चावली तर दुसरा तुकडा तापवून तेलात टाका, तिसरा पाण्यात, आणि पुन्हा कानस. तिन्हीत चावली तर ते साधं लोखंड, पंचाच्या कामाचं नाही. ग्राइंडरवरच्या ठिणग्याही बोलतात. कार्बन जास्त असेल तर ठिणगी टोकाला फुलबाजीसारखी फुटते. एच-१३ सारख्या मिश्र पोलादाची ठिणगी आखूड, नारिंगी आणि मलूल असते. पण ठिणगीवरून जात ओळखायला सरावाचा डोळा लागतो. कानशीची परीक्षा नवख्यालाही जमते.

कमानपाटे आणि जुने ॲक्सल यांत राबून राबून पडलेल्या सूक्ष्म चिरा असू शकतात. त्या घडवताना दिसत नाहीत, पाणी देताना दिसतात, म्हणजे सगळी मेहनत झाल्यावर.

गज कापायचा कसा?

नवा गज मऊ अवस्थेत येतो, त्यामुळे बायमेटल हॅक्सॉनं किंवा बँडसॉनं निवांत कापता येतो. कटिंग व्हीलनं कापलात तर कड तापून निळी-काळी होते आणि तेवढी पट्टी हवेतच कडक होते. तिच्यावर पुढचा घाव बसला की तिथून बारीक चीर सुरू होऊ शकते. घाई असेल तर कापा कटिंग व्हीलनं, पण कापलेला भाग भट्टीत नीट तापेपर्यंत त्यावर हातोडा मारू नका.

किती तापवायचं आणि कधी थांबायचं?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. एच-१३ घडवायला सुरुवात १०५० ते ११५० अंशांवर करायची आणि ९०० च्या जवळ आलं की हात थांबवायचा. एस-७ ला वरची हद्द थोडी कमी, ११०० च्या आत बरं. रंगांत सांगायचं तर झळझळीत नारिंगी-पिवळ्यापासून ते नारिंगी मावळून लाल व्हायला लागेपर्यंत. साध्या लोखंडाला आपण गडद लालीवरही दोन-चार घाव 'बारीक सफाईसाठी' मारतो. ती सवय इथे सोडायची. गार होत चाललेल्या टूल स्टीलवर मारलेला सफाईचा घावच आतून चीर पाडतो. लगेच काही दिसत नाही. दिसतं ते दोन दिवसांनी, पंचाच्या अंगावर केसासारखी उभी रेघ उमटते तेव्हा.

दुसरं, तापवताना घाई नको. या पोलादातून उष्णता साध्या लोखंडाच्या साधारण निम्म्या वेगानं आत जाते. बाहेरून पिवळं दिसणारा २५ मिलिमीटरचा गज आतून अजून लालच असू शकतो. अशा वेळी ठोकलंत तर वरचा थर पसरतो, गाभा हलत नाही आणि टोकाला माशाच्या तोंडासारखी खाच पडते. म्हणून आधी मंद आचेवर गडद लाली आणा, तिथे थोडा वेळ मुरू द्या, मग भाता वाढवा. रंग सगळीकडे सारखा झाला की आणखी दोन-तीन मिनिटं धरा. कोळशाच्या भट्टीत नळीच्या तोंडासमोर ठेवू नका. तिथे एकच बाजू जळते.

आणि रंग बघायचा तो सावलीत. उन्हात जो लाल वाटतो तो अंधाऱ्या कोपऱ्यात नारिंगी असतो. माझी भट्टी पूर्वी दारासमोर होती. दुपारी मी घडवलेली हत्यारं सकाळच्या हत्यारांपेक्षा जास्त तापवलेली निघायची, आणि कारण कळायला मला बराच काळ लागला.

हातोडा मारतोय पण पोलाद हलतच नाही. काही चुकतंय का?

बहुधा काही नाही. एच-१३ त्याच रंगावर साध्या लोखंडापेक्षा पुष्कळ ताठ असतं. हातोडा एक पायरी जड घ्या किंवा घण मारायला जोडीदार घ्या. आणि हवाय त्याच्या शक्य तितक्या जवळच्या मापाचा गज आणा. ४० मिलिमीटरच्या गजातून १५ चा पंच ओढत बसण्यात पुरुषार्थ नाही.

घडवून झालं. आता जमिनीवर ठेवून देऊ का?

ओल्या जमिनीवर, थंड ऐरणीवर किंवा पंख्याच्या वाऱ्यात तर मुळीच नको. हवेत ठेवलेलं एच-१३ म्हणजे अर्धवट कडक झालेलं एच-१३. त्यावर ना कानस चालते ना ड्रिल. कोरड्या राखेत किंवा कोरड्या चुन्यात खोल पुरा, किंवा गॅसची भट्टी बंद करून तिच्यातच रात्रभर राहू द्या. राखेत पुरण्याआधी साध्या लोखंडाचा एक जाड तुकडा तापवून शेजारी ठेवला तर गार होणं आणखी लांबतं. अशानं कारखान्यातल्यासारखं पूर्ण मऊ होत नाही, त्याला भट्टीचं तापमान तासाला वीस-बावीस अंशांनी उतरवावं लागतं. पण कानशीला दाद देण्याइतकं होतं. भोक पाडायचं असेल तर मात्र घडवण्याआधीच, मऊ गजात पाडून घ्या.

पाणी कसं द्यायचं? म्हणजे, हवा कशी द्यायची?

आधी घासून आकार पुरा करा. तीक्ष्ण खाच किंवा ग्राइंडरचा आडवा ओरखडा कुठे उरू देऊ नका. मग एच-१३ चं फक्त काम करणारं टोक, साधारण ५०–६० मिलिमीटर, १००० ते १०३० अंशांपर्यंत न्या. एस-७ ला ९२५ ते ९५५ पुरतं. चुंबक इथे उपयोगाचा नाही. लोखंडाचं चुंबकत्व ७७० अंशांच्या आसपास जातं आणि आपल्याला त्याच्या खूप वर जायचंय. 'चुंबक सुटला की काढा' हा साध्या पोलादाचा नियम लावलात तर हत्यार कडक होणारच नाही, आणि तुम्ही दोष पोलादाला द्याल.

त्या रंगावर पाच-सात मिनिटं धरा आणि बाहेर काढून निवांत हवेत उभं टांगा. फुंकर नको, कापड नको. हाताला सोसवेल इतकं कोमट झालं की लगेच टेंपरला घ्या, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा बेतानं तापवा. उद्यावर ढकलू नका. कडक झालेलं पण टेंपर न केलेलं पोलाद रात्रीत आपोआप तडकल्याच्या गोष्टी काही अफवा नाहीत.

टेंपर करताना पिवळा, जांभळा, निळा यातला कोणता रंग पकडायचा?

एच-१३ ला यातला कोणताही नाही. पिवळा साधारण २२० ला येतो, जांभळा २८० च्या आसपास, निळा ३०० ला. एच-१३ चं टेंपर ५४० ते ६०० अंशांवर करतात, म्हणजे हे सगळे रंग येऊन गेल्यावर. शिवाय क्रोमियममुळे या पोलादावर रंग उशिरा चढतात, त्यामुळे साध्या पोलादाचा तक्ता इथे फसवतो.

तापमापक नसेल तर खुणेचं सांगतो: दिवे मालवलेल्या खोलीत जेमतेम जाणवणारी लाली, 'दिसतेय की भास होतोय' अशी. तिथे थोडा वेळ धरा, हवेत गार होऊ द्या आणि पुन्हा एकदा तेच करा. दोनदा करायचं, एकदा नाही. कडकपणा ५४० वर रॉकवेल सी या कडकपणाच्या मापात पन्नाशीच्या थोडा पुढे, ६०० वर ४५ च्या आसपास राहतो, आणि ६५० पर्यंत गेलात तर चाळिशीच्या खाली उतरतो. पंचाला ४५ ते ५० म्हणजे मस्त.

एस-७ ची थंड छिन्नी २०० ते २३० वर टेंपर होते, म्हणून तिला घरचा ओव्हन चालतो. तेच एस-७ गरम कामाला वापरणार असाल तर त्यालाही ५४० वर न्या, नाहीतर पहिल्या दहा मिनिटांत तापलेलं लोखंडच त्याचं टेंपर उतरवेल.

मार खाणारं डोकं कडक करायचं की मऊ ठेवायचं?

मऊ. हातोडीचं तोंड कडक असतं. त्यावर दुसरं कडक डोकं आपटलं की कपची उडते आणि ती कुठे जाईल ते सांगता येत नाही. म्हणून वर 'फक्त काम करणारं टोक' म्हटलं. डोकं आलं तसं, कारखान्याच्या मऊ अवस्थेत राहू द्या. घडवताना डोकंही तापलं असेल तर ते ७०० अंशांच्या गडद लालीवर आणून राखेत गार करा, आणि तोवर टोक ओल्या चिंधीत गुंडाळून नव्हे, तर भट्टीबाहेर पुरेसं लांब ठेवून वाचवा. डोक्याच्या कडा उतरत्या करा. वापरून डोकं फुललं की लगेच घासा. फुललेल्या पाकळ्या म्हणजे उडायच्या तयारीतल्या कपच्या.

पहिला पंच नेमका किती मापाचा करू?

२० मिलिमीटर गोल एच-१३, लांबी २००–२२५. शेवटचे ७५ मिलिमीटर निमुळते करा, टोकाला १० मिलिमीटर व्यास राहू द्या. आधी चौकोनी ओढा, मग अष्टकोनी, मग गोल. सरळ गोलच ओढायला गेलात तर गाभा पोकळ फाटतो. टोक सपाट आणि त्याची कड स्वच्छ धारदार हवी. अणकुचीदार टोक लोखंड बाजूला सारतं, सपाट टोक चकती कापून काढतं. निमुळतेपणात कुठेही फुगवटा नको. टोकाच्या मागचा भाग टोकापेक्षा थोडा जरी बारीक झाला तरी पंच भोकात गळासारखा अडकतो.

गरम छिन्नी करायची तर धारेचा कोन ३० अंश, थंड छिन्नीला ६०. स्लिटरची धार तासून थोडी बोथट आणि कोपरे गोल ठेवा. टोकदार कोपऱ्यानं पाडलेल्या चिरेच्या टोकाला लोखंड पुढे फाटत जातं.

सांडशी टूल स्टीलची करावी का?

नको. सांडशी तापते, आपण ती दर पाच मिनिटांनी पाण्यात बुडवतो, आणि कधीतरी तिचे जबडे लाल होतात. हवेवर कडक होणाऱ्या पोलादाला याहून वाईट आयुष्य नाही. साधं लोखंड वाकतं, तुम्ही ते ठोकून सरळ करता. टूल स्टीलची सांडशी लाल तुकड्यासकट मोडते.

आणि हातोडा?

१०४५ (मध्यम कार्बनचं साधं पोलाद) किंवा ४१४०. गरम लोखंडाला क्षणभर टेकणाऱ्या हत्याराला एच-१३ लागत नाही. एच-१३ हवं ते हातोड्याचं भोक मोठं करणाऱ्या ड्रिफ्टला.

पंचाला पकडायला सळई वेल्ड केली तर?

वेल्डच्या शेजारचा पट्टा हवेत कडक होऊन ठिसूळ बनतो आणि तिथेच हत्यार तुटतं. त्याऐवजी ६–८ मिलिमीटरची साधी सळई तापवून पंचाला दोन वेढे द्या आणि दोन्ही टोकं मागे घेऊन मूठ करा. हाताला झिणझिण्या येत नाहीत आणि मूठ केव्हाही काढता येते.

काम करताना पंच तापला. पाण्यात बुडवू?

माझा पहिला चांगला एच-१३ पंच असाच गेला. हातोड्याचं भोक पाडत होतो, टोक लाल झालं, आणि हात सवयीनं बादलीकडे गेला. 'टिक्' असा एक बारीक आवाज आला, बांगडी पिचावी तसा. मी त्याकडे दुर्लक्ष करून पुढचे दोन घाव मारले. तिसऱ्या घावाला टोक भोकातच राहिलं आणि बाकीचा पंच हातात. हातोड्याचा तो तुकडाही वाया गेला, कारण आत अडकलेलं टोक ड्रिलला जुमानेना.

तेव्हापासूनची पद्धत: तीन-चार घाव, पंच बाहेर, थंड ऐरणीच्या अंगाला टोक टेकवायचं किंवा हवेत ठेवायचं, भोकात चिमूटभर कोळशाची पूड टाकायची, मग पुढचे घाव. पूड जळून वायू सुटतो आणि पंच आपसूक सैल होतो. काम मोठं असेल तर सारखे दोन पंच करा, एक कामात, एक गार होत. पंच बुडवायचाच असेल तर लाली पूर्ण गेल्यावर, आणि तेही तेलात. मी स्वतः बुडवतच नाही.

चष्मा लागतो का?

हो. भट्टीपाशी, ग्राइंडरपाशी, आणि शेजारी बघत उभ्या असलेल्या माणसालाही.

हत्यार तुटलं तर टाकून द्यायचं?

आधी तुटलेला भाग उजेडात धरून बघा. कण साखरेसारखे जाड आणि चमकदार दिसले तर जास्त तापवलं होतं. राखाडी, रेशमी, बारीक कण म्हणजे तापमान ठीक होतं, चूक दुसरीकडे झाली. तुटलेल्या तोंडाचा काही भाग काळपट किंवा रंग चढलेला आणि बाकीचा लखलखीत असेल तर काळा भाग म्हणजे जुनी चीर. ती घडवताना किंवा पाणी देताना पडली, शेवटच्या घावानं फक्त पुरी केली.

मग चीर जिथे संपते त्याच्याही १० मिलिमीटर मागून कापा आणि पुन्हा घडवा. चिरेवर ठोकून ती मिटत नाही, झाकली जाते. माझ्या त्या पंचाचा उरलेला भाग पुन्हा घडवून आखूड गरम छिन्नी झाली. तिच्या डोक्यावर मी रंगानं आडवी फुली मारून ठेवलीय, आणि बादली आता भट्टीपासून चार पावलं लांब असते.